दोन फाटक्या पुस्तकांचं एक

जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी ते उघडत नाही. पाठीवरून अंगठा फिरवते. पाठ म्हणजे पुस्तकाची ती कड, जिथं सगळी पानं शिवून एकत्र आलेली असतात. पाठ धड असली तर बाकीचं सगळं दुरुस्त होतं. डाग निघतो, फाटलेलं पान जोडलं जातं, पुठ्ठा नवा चढतो. पाठच गेली असेल तर मात्र पुस्तक सगळं सोडून नव्यानं शिवावं लागतं.

मी शमीम. लग्न होऊन घाटंजीला आले तेव्हा सासऱ्यांचं बाइंडिंगचं दुकान चांगलं चालत होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत मी. कागद कापणं, पुठ्ठा चढवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं ही पुरुषांची कामं, आणि शिवण माझी. आमच्या धंद्यात त्या शिवणीला जुजबंदी म्हणतात. पानांच्या घड्या करायच्या, प्रत्येक घडी म्हणजे एक जुज, आणि एक एक जुज दोऱ्यानं आधीच्या जुजाला बांधत जायचं. दोरा जास्त ओढला तर पुस्तक उघडत नाही, सैल सोडला तर पानं लटकतात. सांगायला एवढंच आहे. हातात यायला वर्षं जातात.

कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट, वकिलांची कायद्याची जाड पुस्तकं, कुणाची पोथी, कुणाचं कुराण, सगळं माझ्या सुईखालून गेलं. पण ते कुणाचं, कोण वाचतं, हे मला कधी कळलं नाही. पुढच्या खोलीतून गठ्ठा आत यायचा, शिवून बाहेर जायचा. मग कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले. शाळांना तयार बांधलेली रजिस्टरं मिळायला लागली. आमच्या ह्यांचे, हारूनचे, हात थरथरायला लागले, म्हणून कापायचं मशीन बंद करून ठेवलं. दुकान सकाळी उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं, मधे काहीच नाही, असे दिवस आले.

राहिली ती पुस्तकं. दुरुस्तीला टाकून लोक न्यायलाच येत नाहीत. दोन फळ्या भरून अशी पुस्तकं होती. ज्यांचा पत्ता लागला त्यांना आम्ही विचारलं. बहुतेक सगळे म्हणाले, "आता काय कराचं त्याचं, विकून टाका." माझी मुलगी नीलोफर अमरावतीला असते. ती ईदला आली होती. फळ्यांकडे बघून म्हणाली, "अम्मी, ये सब फोनपर बेच ना." आणि माझ्याच फोनवर, माझ्याच नावानं, एका ऑनलाइन बाजारात तिनं खातं उघडून दिलं. दुकानाचं नाव काय टाकू, असं तिनं विचारलं तेव्हा मी आतून म्हटलं, "अब्बाचंच टाक." त्यामुळे फोनवर दुकान हारूनच्या नावानं दिसायला लागलं.

ती गेली आणि मी एकटी राहिले फोनसोबत.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. पुस्तकाचे फोटो काढायचे, नाव लिहायचं, किंमत टाकायची आणि पुस्तक कोणत्या हालतीत आहे ते निवडायचं. तिथं चारच खाने असतात. नव्यासारखं, खूप चांगलं, चांगलं, चालेल असं. मला ते चार खाने काही पुरेनात. पाठ मजबूत पण कडा उंदरानं कुरतडलेल्या, याला काय म्हणायचं? म्हणून मी खालच्या जागेत सगळं लिहायला लागले. "पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल आहे. मजकुरावर नाही. मधे कुणीतरी पेन्सिलीनं रेघा मारल्यात, खोडल्या तर निघतील. वास जुन्या पेटीचा येतो, बुरशीचा नाही." नीलोफर फोनवर हसायची. "अम्मी, एवढं लिहिलंस तर कोण घेईल?" पण घेतलं लोकांनी.

पहिली ऑर्डर आली ती यवतमाळची. आमच्या बसस्टँडवरून गाडी धरली तर जेवणाच्या आधी जाऊन परत येता येईल, एवढंच लांब. हारून म्हणाले, "मी नेऊन देतो की." तसं चालत नव्हतं. पार्सलवर चिकटवलेली पट्टी ठिकठिकाणी मशीननं वाचली गेली तरच ते पोचलं असं धरतात. मग ते पार्सल कुरिअरवाल्यानं उचललं, नागपूरला गेलं, तिथं मुक्काम केला आणि यवतमाळला परत आलं. आम्ही दोघं फोनवर बघत बसायचो, आज आपलं पुस्तक कुठंवर फिरून राह्यलं. हारूनना त्याचा फार राग यायचा. मला मात्र गंमत वाटायची. मी नागपूरला गेले नव्हते तेवढ्या वेळा माझी पुस्तकं जायला लागली होती.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. एकानं विचारलं, निळ्या पाठीची पुस्तकं आहेत का? मी विचारलं, कोणत्या विषयाची? तो म्हणाला, विषय कोणताही चालेल, नव्या घरात भिंतीला कपाट केलंय, परदे निळे आहेत. पुस्तकं त्याला फुटाच्या मापानं पाहिजे होती. मी दिली. त्यात एक होमिओपॅथीचं होतं, मीच कधीतरी शिवलेलं, चांगलं भरीव पुस्तक. पार्सल बांधताना हात थांबला होता. अजूनही कधी कधी वाटतं, ते नसतं दिलं तर बरं झालं असतं. ते आता परद्याला शोभा देत उभं असेल आणि कुणी उघडतही नसेल.

पण मला सांगायची आहे ती गावंडेंची गोष्ट.

त्या फळीवर चौथीचं मराठीचं एक जुनं पुस्तक होतं. शाळेचं, आता शाळेत नसलेलं. शेवटची काही पानं नव्हती आणि मधली एक घडी गळून पडलेली. ते मी "चालेल असं" या खान्यात टाकलं आणि काय काय नाही ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली प्रश्न आला. "भाऊ, याच्यात बांगडीवाल्याचा धडा हाय का?" नाव गावंडे, गाव फुलसावंगी.

मी अनुक्रमणिका बघितली. गळून हरवलेल्या घडीतच तो धडा होता. तसं लिहिलं. उत्तर आलं, "तोच पायजे होता."

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बरंच लिहिलं. एवढं लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे.

"भाऊ, माह्या बायकोले लकवा मारला. उजवा हात गेला अन् बोलनं गेलं. सगळं समजते तिले, पन शब्द तोंडातून निघत नाई. डॉक्टर म्हनते रोज मोठ्यानं वाचून घ्या, सोपं सोपं. म्या नवीन पुस्तकं आनली, लेकराइची. ते हातानं लोटून देते. शाळा तिची चौथीतच सुटली, पन वाचाची भारी हौस होती. बांगडीवाल्याचा धडा मास्तरनं तिले साऱ्या वर्गापुढं वाचाले लावला होता. लग्न झाल्यापासून सांगत आली. म्हनून म्हनलं, तोच धडा तिच्यासमोर ठेवून पाहू."

मी फोन ठेवला आणि ते फाटकं पुस्तक पुन्हा हातात घेतलं. जी पानं नाहीत ती शिवता येत नाहीत. पण पानं शोधता येतात.

"हे पुस्तक आत्ता घेऊ नका," मी त्यांना लिहिलं. "धडा सापडला तर पूर्ण करून देते."

आमच्या आठवडी बाजारात गजाननभाऊ रद्दी घेऊन बसतात. गावोगावची रद्दी त्यांच्याकडे येते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "चौथीचं, भाभी? एक पोतं हाय, वाळवी लागलेलं. फेकालेच काढलं होतं. हात घाला, पन हात झटकत राहा." बाजाराच्या कडेला बसून मी ते पोतं उपसलं. आजूबाजूला वांगी, मिरच्या, माणसं, आणि मी मातीत. भूगोल निघालं, गणित निघालं, अर्धं खाल्लेलं इंग्रजी निघालं. आणि मग एक चौथीचं मराठी. वरची पानं वाळवीनं चाळणी केलेली, पण मधली आणि शेवटची शाबूत. त्यातच तो धडा होता. चित्रात ओसरीवर बसलेला बांगडीवाला, आणि समोर हात पुढे केलेली मुलगी. छापताना लाल रंग थोडा सरकलेला, त्यामुळे बांगड्या मनगटाच्या बाहेर आलेल्या.

"सापडलं का?" गजाननभाऊंनी विचारलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. "मंग घेऊन जा. याचे पैसे कोन घेईन?"

घरी येऊन गावंडेंना लिहिलं, धडा मिळाला. तिथंच घोटाळा झाला.

या ऑनलाइन बाजारात गिऱ्हाइकानं आणि दुकानदारानं एकमेकांना फोन नंबर द्यायचा नसतो. सौदा बाहेर होऊ नये म्हणून. नंबर लिहिला तर आकडे आपोआप खोडले जातात. गावंडेंना तेवढा धीर नव्हता. त्यांनी अर्धा नंबर एका निरोपात अक्षरांत लिहिला आणि अर्धा पुढच्यात. मलाही वाटलं, त्यांना काय काय करायचंय ते बोलून सांगावं. मीही आमचा नंबर तसाच पाठवला. तो गेलाच नाही. सकाळी फोन उघडला तर खातं बंद. बाहेर सौदा करण्याचा प्रयत्न केला म्हणून थांबवलंय, असं लिहून आलं. माझी सगळी पुस्तकं दिसेनाशी झाली आणि गावंडेंचे निरोपही, त्यांच्या नंबरासकट.

हारून म्हणाले, "पुस्तक तयार कर, बस पकड, फुलसावंगी जा. बडा गाव है, पर गावंडे मिल जाएगा."

ते सोपं होतं आणि मी जवळपास तयारही झाले होते. पण मग ऑनलाइन बाजारवाल्यांनी माझ्यावर जो आरोप केला तो खरा ठरला असता. आणि दुसरंही एक होतं, जे मी हारूनना सांगितलं नाही. उभं आयुष्य मी मागच्या खोलीत बसून शिवलं, गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नाही. या खात्यानं मला पहिल्यांदा गिऱ्हाईक दिलं होतं. कुणी विचारत होतं, मी सांगत होते. ते असं चोरासारखं जाऊ द्यायचं नव्हतं मला.

खाली तक्रार लिहायची जागा होती. नीलोफर म्हणाली, "मला सांग, मी इंग्रजीत लिहून देते." मी म्हटलं, "माझी गोष्ट मीच लिहीन." मराठीत लिहिली. की मी बाइंडिंगवाली बाई आहे. नंबर दिला ही गोष्ट खरी आहे. बाहेर विकायचं नव्हतं, एका आजारी बाईसाठी पुस्तक जुळवते आहे आणि त्यांना काय लागतं ते विचारायचं होतं. पुस्तक तुमच्याच बाजारातून जाईल, नाहीतर जाणार नाही.

वाट बघण्यात दिवस गेले. मी तोवर हातावर हात ठेवून बसले नाही. खातं मिळो न मिळो, पुस्तक तर शिवायचंच होतं.

दोन्ही पुस्तकं सोडवली. जुने दोरे कापले, पानं सुटी केली, पुसली. तेव्हा दिसलं की दोन्ही वेगवेगळ्या वेळी छापलेली. एकाचा कागद पिवळा, दुसऱ्याचा तांबूस, आणि वाळवीवाल्याची पानं बोटभर लहान. लहान पानं मोठ्यांत शिवली तर ती आत लपतात, उलटताना बोटाला लागत नाहीत. म्हणून प्रत्येक लहान पानाला जुन्या कागदाची पट्टी जोडून ते मोठं केलं. फाटलेल्या जागी पतंगाचा पातळ कागद लावला, तो लावला की खालची अक्षरं दिसत राहतात. खळ मी घरीच शिजवते, मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद. त्यानं कीड लागत नाही.

मग शिवायला घेतलं आणि थांबले. ही बाई एका हातानं वाचणार. उजवा हात चालत नाही. तिनं डाव्या हातानं पान उलटलं आणि पुस्तक मिटलं, तर? दर वेळी कुणीतरी धरून बसायचं? पुस्तक असं पाहिजे की टेबलावर उघडून ठेवलं की उघडंच राहावं. असं मी कधी केलं नव्हतं. कचेरीच्या रजिस्टरांना पाठ कडक लागते, सगळं आयुष्य मी कडकच शिवलं होतं.

पहिल्यांदा शिवलं ते मिटलं. उसवलं. दोरा थोडा सैल ठेवून पुन्हा शिवलं, पाठीला सरस लावलाच नाही, नुसतं मऊ कापड. तेही अर्धं उठून राहिलं. तिसऱ्यांदा मी दोन जुजांच्या मधे टाका फिरवला, आणि पुस्तक टेबलावर ठेवून हात काढला. ते तसंच पसरून राहिलं, दमून झोपलेल्या माणसासारखं. मी पंखा लावून बघितला. पान फडफडलं, पुस्तक मिटलं नाही.

पुठ्ठा कापायचा होता. मी सुरी घेतली तर हारूननी माझ्या हातातून घेतली. "ये मेरा काम है." त्यांनी मनगट टेबलाला टेकवलं, श्वास धरला आणि पट्टीच्या कडेनं एकाच ओढीत पुठ्ठा कापला. सरळ. मग सुरी खाली ठेवली, आणि हात पुन्हा थरथरायला लागला.

त्याच आठवड्यात ऑनलाइन बाजाराच्या ऑफिसातून फोन आला. एक बाई, आवाज तरुण. "शमीम मॅडम का? तुमचा अर्ज वाचला. खातं सुरू करते आहे. पण नंबर परत देऊ नका हं." मी हो म्हटलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "ते पुस्तक जुळलं का?"

"जुळलं," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

पुस्तक पुन्हा टाकलं. खाली लिहिलं, "दोन प्रतींची पानं एकत्र करून शिवलेलं. सगळे धडे आहेत. कागद दोन रंगांचा आहे. टेबलावर उघडं राहतं, एका हातानं वाचता येतं." त्याच दुपारी ऑर्डर आली. गावंडे रोज बघत असले पाहिजेत.

पार्सल गेलं. कुठं कुठं फिरलं आणि शेवटी "पोचलं" असं आलं. मग काहीच नाही. चांगलं नाही, वाईट नाही. पुस्तक पसंत नसेल तर परत पाठवायची मुदत असते, ती संपेपर्यंत मी कुरिअरवाल्याच्या गाडीचा आवाज आला की दारात जायचे. मुदत संपली. मी मनाला समजावलं, विकलेल्या पुस्तकानं खुशालीचा निरोप धाडावा असं कुठं आहे.

पुढं हिवाळा लागला. एका बाजाराच्या दिवशी दुकानासमोर ऑटो थांबला. धोतरातले एक उंच गृहस्थ उतरले आणि त्यांनी एका बाईंना हात धरून उतरवलं. बाई बारीक, केस पांढरे, उजवा हात पदरात लपेटलेला. गृहस्थांनी पार्सलचा कागद खिशातून काढला, त्यावरचा पत्ता बघितला.

"हारूनभाऊ तुमीच का? मी गावंडे, फुलसावंगीचा. यवतमाळले डॉक्टरकडं आलतो. म्हनलं, तसंच पुढं जाऊ."

हारून उठून उभे राहिले. "हारून मीच. पण पुस्तक हिनं केलं. लिहीत होती तेही हीच." आणि मला पुढच्या खोलीत बोलावलं.

गावंडे माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे म्या इतके दिवस भाऊ भाऊ करून राह्यलो..." ते ओशाळले. "माफ करजा, ताई."

त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, खुर्ची दिली. त्यांनी पिशवीत डावा हात घातला, पुस्तक काढलं, आमच्या कामाच्या टेबलावर ठेवलं आणि उघडलं. हात काढला. पुस्तक उघडंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि मान डोलावली. गिऱ्हाइकानं माझ्या शिवणीला दाद दिलेली मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते.

मग त्यांनी अक्षराखाली बोट ठेवलं.

"बां... बांगड्या घ्या... बांगड्या." बोट सरकलं. "हि... रव्या. लाल." बाहेर बाजाराचा गलका होता, भाजीवाले ओरडत होते, आणि आत ते एक एक अक्षर. एका शब्दावर त्या अडकल्या. ओठ हलले, आवाज आला नाही. गावंडेंना राहवेना, ते शब्द सांगायला वाकले. सुमनताईंनी डाव्या हातानं त्यांना बाजूला सारलं. परत पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तो शब्द घेतला, "मनगट." आणि पुढे गेल्या. परिच्छेद संपला तेव्हा कपाळावर घाम होता.

"पयले हूं की चूं नव्हतं," गावंडे हळू आवाजात म्हणाले. "आता साऱ्या घराले वाचून दाखवते. जेवाच्या आधी अर्धा धडा. नातवंडं बसते ऐकाले."

मी चहा ठेवते म्हटलं. सुमनताईंनी मान हलवली, नको. त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्यापुढं सरकवलं. "काही उसवलं का, ताई? परत करताय?"

त्यांनी जोरात मान हलवली. मग डावा हात वर केला, पाची बोटं पसरून. मला कळेना. मी गावंडेंकडे बघितलं, त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी हात तसाच धरला आणि शब्द जुळवायला लागल्या. कुणी मदत केली नाही.

"पा... पाचवी," त्या म्हणाल्या. "पाचवी द्या."

हारून फळीकडे वळले. मी फोन काढला आणि तिथंच उभ्या उभ्या शोधायला लागले, पाचवीचं मराठी, जुनं, कुठं कुणी विकून राह्यलं का.